गठ्ठ्याला बिल्टी, घराला नाही

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. "दादा, पुण्याला शिफ्ट होतोय. सोलापुरातला एखादा विश्वासू मूव्हर्सवाला सांग ना. तुझा कुणी ओळखीचा असेल तर बरं."

मी म्हटलं, "वाट्टेल तो घे, पण ओळखीचा घेऊ नकोस."

तिकडे दोन सेकंद शांतता. मग तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पुढे अर्धा तास बोललो तरी त्याला काही ते पटलं नाही. शेवटी म्हणाला, "बरं, विचारतो मामांना." म्हणून आता सविस्तर लिहितोय. नात्यातल्या ज्या मंडळींना हे आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटेल, त्यांनी ते तसंच समजावं. माझी हरकत नाही.

आपल्याकडे सामान हलवायचं म्हटलं की पद्धत ठरलेली आहे. आधी घरात विचारायचं, मग शेजारी, मग ऑफिसात. कुणाचा तरी मेहुणा, कुणाचा तरी वर्गमित्र, कुणाच्या तरी सोसायटीतल्या टेम्पोवाल्याचा भाऊ या धंद्यात असतोच. "आपलाच माणूस आहे" म्हटलं की चौकशी संपली! त्यानंतर भाडं विचारणं हाच काय तो व्यवहार, आणि तोही जरा अवघडत. आपल्या माणसाकडे पावती मागायची? कागदावर लिहून मागायचं? छे! तो काय म्हणेल?

मी याच पद्धतीने गेलो होतो. तर झालं असं...

मे २०२२. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. विजापूर रोडवरच्या घरात आई एकटी. खूप समजूत काढल्यावर ती हडपसरला आमच्याकडे यायला तयार झाली. घर रिकामं करायचं ठरलं, आणि मामांनी त्यांच्या ऑफिसातल्या एकाच्या मेहुण्याचं नाव सुचवलं. पॅकर्स अँड मूव्हर्सचा धंदा, बोलायला गोड, फोनवरच आकडा सांगितला. साडेअठरा हजार. घर बघायला आलाच नाही. "दोन बेडरूमचं ना? कळलं की ओ. मामांचं घर म्हणजे आमचंच घर."

पाच हजार आगाऊ दिले. इन्शुरन्सचे म्हणून अठराशे वेगळे दिले. मोबाईलवर एक रंगीत कोटेशन आलं, खाली बारीक इंग्रजीत अटी. त्या मी वाचल्या नाहीत. तुम्हीही वाचल्या नसत्यात.

गाडी सकाळी सातची सांगितली होती, आली साडेअकराला. पोरं चपळ होती, तीन तासांत घर रिकामं केलं. आईने आदल्या आठवडाभर बसून खोकी भरली होती आणि प्रत्येकावर स्केचपेनने आकडा टाकला होता. एकतीस खोकी. निघताना ड्रायव्हरने एक पावती फाडून दिली. त्यावर मालाच्या रकान्यात लिहिलं होतं : 'हाऊसहोल्ड गुड्स – १ गाडी'. बस्स. चाळीस वर्षांचा संसार तीन शब्दांत आणि एका आकड्यात!

संध्याकाळी फोन केला तर "टेंभुर्णीजवळ जेवायला थांबलोय." रात्री फोन बंद. दुसऱ्या दिवशी दिवसभर "येतोय, येतोय". रात्री साडेदहाला गाडी सोसायटीच्या दारात उभी राहिली. गाडी वेगळी होती, ड्रायव्हरही वेगळा. सामान वाटेत कुठेतरी दुसऱ्या गाडीत टाकलं होतं, हे तेव्हा कळलं. नव्या ड्रायव्हरने मागचं दार उघडायच्या आधीच सांगितलं, आठ हजार जास्त लागतील. तिसरा मजला आहे, सामान सांगितल्यापेक्षा जास्त निघालं, वाराई वेगळी. मी मेहुण्याला फोन लावला. उचलला नाही. मामांना लावला. मामा म्हणाले, "रात्रीची वेळ आहे, वाद घालू नकोस, मी उद्या बोलतो त्याच्याशी."

आई खाली रस्त्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. वॉचमन बघत होता, वरच्या मजल्यावरचे दोघे गॅलरीतून बघत होते. मी आठ हजार दिले. त्या वेळी मला ते शहाणपणाचं वाटलं.

सकाळी मोजली तर खोकी तीस. शोकेसची काच फुटलेली, कपाटाचं एक दार बसत नव्हतं. ते सगळं ठीक आहे, सामान म्हटलं की थोडंफार होतं. पण जे एकतीसावं खोकं आलं नाही, त्यात वडिलांचे ग्राफपेपर होते.

वडील चादरीच्या कारखान्यात डिझाईन काढायचे. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा वेल आधी आलेख कागदावर उतरतो, एकेक चौकोन भरत. त्या कागदावरून पंचकार्डं पाडतात, ती कार्डं जॅकार्डला चढवतात, आणि मग मागावर नक्षी उमटते. वडिलांनी तीसेक वर्षांत काढलेल्या नक्ष्यांच्या कच्च्या प्रती त्या खोक्यात होत्या. बाजारात किंमत शून्य. रद्दीवाल्यानेसुद्धा काही दिलं नसतं.

मेहुणा तिसऱ्या दिवशी फोनवर भेटला. "गाडी आमची नव्हती, अटॅच होती. खोकी तीसच होती, आमच्या पोरांनी मोजली." मी म्हटलं, एकतीस होती, आईने आकडे टाकले होते. तो म्हणाला, "लिहिलेलं आहे का कुठं?"

कुठेही लिहिलेलं नव्हतं. इन्शुरन्सची पॉलिसी मागितली, तर ती "ऑफिसात" होती. ती शेवटपर्यंत ऑफिसातच राहिली.

आता खरी गंमत पुढे आहे. मी म्हटलं, तक्रार करतो. याचं दुकान कुठे आहे, पूर्ण नाव काय, एवढं तरी द्या. तर मामा नाराज! "अरे, त्याने काय मुद्दाम केलंय का? माझ्या ऑफिसातला संबंध आहे. कागदच होते ना, दागिने तर नव्हते!" आई म्हणाली, "जाऊ दे, भावाशी वाकडं नको." आणि बाकीच्या नातेवाइकांचं तर काय सांगावं, त्यांनी एकमुखाने निकाल दिला : "तुम्हीच चौकशी नीट केली नाही."

या वाक्यावर माझं भांडण आहे. चौकशी आम्ही तुमच्या पद्धतीप्रमाणे अगदी नीट केली होती. माणूस ओळखीतला होता, मामांनी सांगितलेला होता, 'आपलाच' होता. पद्धतच मुळात चुकीची आहे, हे मान्य करायला मात्र कुणी तयार नाही.

ओळख म्हणजे हमी असं आपण धरून चालतो. अडचणीच्या वेळी ती कुणाच्या कामी येते, हे जरा तपासा. आमच्या बाबतीत ओळखीमुळे मी पावती मागितली नाही, घर बघायला ये म्हटलं नाही, रात्री साडेदहाला पोलिसांना फोन केला नाही आणि नंतर तक्रारही केली नाही. चारही वेळा ओळख त्याच्या कामी आली, माझ्या एकदाही नाही. तिऱ्हाईत असता तर मी निदान तिसऱ्या वेळी तरी भांडलो असतो.

आणि हे घडलं कुठे, तर सोलापुरात! बिल्टी म्हणजे काय हे ज्या गावाला शिकवावं लागत नाही, तिथे. इथल्या चादरी, टॉवेल देशभर जातात. कुठल्याही कारखानदाराला विचारा, टॉवेलचा एक गठ्ठा ट्रान्सपोर्टला टाकायचा तर बिल्टीशिवाय तो टाकेल का? गठ्ठे किती, वजन किती, कुणी पाठवला, कुणाला पाठवला, भाडं भरलंय की पोचल्यावर द्यायचंय, मालाची किंमत किती, हे सगळं त्या पातळ कागदावर येतं. ट्रान्सपोर्टवाला वीस वर्षांचा मित्र असला तरी बिल्टी फाडली जाते. त्यात कुणाचा अपमान होत नाही, उलट बिल्टी न देणाऱ्याकडेच लोक संशयाने बघतात. मग तोच कारखानदार मुलीचं बिऱ्हाड पुण्याला पाठवताना 'आपला माणूस आहे' म्हणून कोऱ्या पावतीवर अख्खं घर कसं काय चढवतो? गठ्ठा हरवला तर धंद्याचं नुकसान म्हणून बिल्टी. घर हरवलं तर नशीब!

बरं, कायदा नाही असं नाही. कायदा आहे, आणि मला तो वेळ निघून गेल्यावर कळला.

रस्त्याने माल वाहणाऱ्यांसाठी आपल्याकडे १८६५ चा इंग्रजांच्या काळातला कायदा होता. त्याच्या जागी २००७ चा नवा कायदा आला आणि १ मार्च २०११ पासून लागू झाला. भाडं घेऊन सर्वांचा माल वाहून नेण्याचा धंदा करणाऱ्याला नोंदणी करावी लागते. माल पाठवणाऱ्याने मालाचं वर्णन आणि किंमत लिहून द्यायची, आणि वाहतूकदाराने मालाची पावती द्यायची. ही पावती म्हणजेच आपली बिल्टी. माल हरवला किंवा मोडला तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत, पण लिहून दिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. जास्त जोखमीचा वेगळा दर ठरवून भरला असेल तर गोष्ट निराळी. म्हणजे माझ्या साडेअठरा हजारांवर एक लाख पंच्याऐंशी हजारांपर्यंत जबाबदारी येऊ शकत होती. पण 'किंमत' या रकान्यात आम्ही काही लिहिलंच नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

याच कायद्यात आणखी एक अट आहे, ती फार थोड्या लोकांना माहीत असते. दावा लावायचा तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. मी पहिले चार महिने मामांच्या "उद्या बोलतो" वर काढले आणि पुढचे दोन चिडण्यात.

पावतीच्या मागे 'माल मालकाच्या जोखमीवर' असं छापलेलं असतं, ते बघून बरेच जण गप्प बसतात. बसू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगून ठेवलंय की एवढं छापल्याने वाहतूकदार आपल्या निष्काळजीपणातून सुटत नाही. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे सोलापूरच्या गाडीवाल्याविरुद्ध पुण्यात बसून. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे. हे सगळं मे २०२२ मध्ये होतं. वापरलं मात्र मी काहीच नाही. तेव्हा दोष फक्त मामांचा नाही, हे कबूल करतो.

रात्री गाडी अडवून पैसे मागणे ही काही आपल्याच लोकांची खासियत आहे असंही नाही. अमेरिकेत या प्रकाराला 'ओलीस माल' असंच म्हणतात. तिथल्या केंद्रीय नियमानुसार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सामान नेणाऱ्याने ढोबळ अंदाज दिला असेल, तर माल उतरवताना अंदाजाच्या ११० टक्क्यांहून जास्त रक्कम मागून माल अडवता येत नाही. अंदाज पक्का दिला असेल तर तेवढेच. हा नियम मुळात करावा लागला, यातच सगळं आलं. माणसं सगळीकडे सारखीच. फरक एवढाच की आकडा आणि सामान आधी लिहिलेलं असेल, तर भांडायला पाय टेकायला जागा असते. ठरलेलं भाडं मिळेपर्यंत माल सोडणार नाही असं वाहतूकदार म्हणाला, तर एक वेळ समजू शकतं. पण 'ठरलेलं' म्हणजे किती आणि त्यात काय काय, हेच जर हवेत असेल, तर आठ हजार काय आणि अठरा हजार काय!

आता तुमचे आक्षेप. मला ते तोंडपाठ झालेत.

पहिला : "नेटवर बघून घ्यायचा ना, स्टार बघायचे." बघा की. कुठल्याही साईटवर आपला नंबर टाकून बघा, पाच मिनिटांत दहा फोन येतात. तुमचा नंबर दहा जणांना विकला गेलेला असतो. आपल्याकडे शेंगा चटणीच्या प्रत्येक पाकिटावर 'ओरिजिनल' असतं ना, तसंच इथेही. एखाद्या नावाजलेल्या कंपनीच्या नावाला मागेपुढे 'न्यू', 'श्री', 'ओरिजिनल' जोडून दुकानं उघडलेली असतात. शिवाय तुम्ही स्टार देता एकाला, फोनवर बोलतो दुसरा, गाडी तिसऱ्याची आणि सामान उचलतो चौथा. त्या चौथ्याला कुणी स्टार दिलेत? त्यापेक्षा जीएसटी नंबर मागा आणि सरकारी साईटवर टाका. फुकट आहे. नंबर पंधरा अंकाक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते. नंबर कुणाच्या नावावर आहे, पत्ता कुठला, चालू आहे की रद्द, सगळं समोर येतं. छोट्या टेम्पोवाल्याकडे जीएसटी नंबर नसेलही, त्यात गैर काही नाही. पण जो बिलावर जीएसटी लावतो त्याच्याकडे तो असायलाच हवा.

दुसरा आक्षेप : "कागद असून काय होतं? कोर्टात कोण जाणार?" अहो, शंभरातल्या नव्व्याण्णवांनी कोर्टात जायचंच नाही. यादीचा उपयोग कोर्टाच्या कितीतरी आधी होतो. यादी केलेली असली की खोकी मोजून चढतात आणि मोजून उतरतात. वाटेत गाडी बदलली तर दुसरा ड्रायव्हर पहिल्याकडून मोजून घेतो, कारण आता ते त्याच्या अंगावर येणार असतं. मेहुण्याने मला विचारलं, "लिहिलेलं आहे का कुठं?" लिहिलेलं असतं तर हा प्रश्न विचारायची वेळच त्याच्यावर आली नसती, आणि बहुतेक ते खोकंही आलं असतं.

तिसरा आक्षेप मात्र मला विचार करायला लावतो. मामाच म्हणाले होते, "गरीब माणसं असतात रे. कागद मागितला की त्यांना वाटतं आपल्याला चोर समजतायत."

मला वाटतं नेमकं उलटं आहे. काही गहाळ झालं की पहिला आळ कुणावर येतो? ज्याने उचललं त्या हमालावर. मालक फोनवर "पोरांनी काय केलं बघतो" म्हणून मोकळा होतो. यादी नसली की चोर कोण हे अंदाजाने ठरतं, आणि अंदाज नेहमी सर्वांत गरीब माणसावर जाऊन थांबतो. हमालांना कागदाचं वावडं असतं हे तर इतिहासालाच धरून नाही. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी उभारलेली मोठी चळवळ होती. त्यातून काय मिळालं? मंडळाकडे कामगाराची नोंद, मालकाची नोंद, मजुरी मंडळामार्फत, भविष्य निर्वाह निधी. म्हणजे ओझं वाहणाऱ्यांनी लढून जे मिळवलं त्यात मोठा वाटा नोंदीचा आहे. तोंडी व्यवहारात आपण बुडतो हे त्यांना आपल्याआधी कळलं होतं. तेव्हा गरिबांच्या नावाने कागद टाळू नका. तोंडी व्यवहारात फायदा मधल्या माणसाचा होतो.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आत्याचं बिऱ्हाड जुळे सोलापुरातून पुण्याला हलवायचं होतं. या वेळी मी कुणालाच विचारलं नाही. तीन जणांना फोन केले आणि तिघांनाही एकच प्रश्न विचारला, "सामानाची यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या कराल का?"

पहिला म्हणाला, "विश्वास ठेवा सर, आमचं नाव आहे." दुसरा म्हणाला, "एवढा वेळ नसतो ओ आमच्याकडं" आणि फोन ठेवला. तिसरा म्हणाला, "यादी तर करावीच लागंल की. पण घर बघितल्याशिवाय आकडा कसा सांगू ओ?"

तो संध्याकाळी आला. पन्नाशीचा माणूस, स्वतःचा एक आयशर, बाकी गाड्या लागतील तशा. आत्याच्या घरात फिरला, माळ्यावर चढून बघितलं, पलंग सुटतो का ते बघितलं, पुण्याच्या घराला लिफ्ट आहे का, गाडी दारापर्यंत जाते का हे विचारलं. मग शाळेच्या वहीत यादी केली. छप्पन्न नग. कपाटापुढे त्याने लिहिलं : 'डाव्या दाराला आधीचा पोचा'. फ्रीजपुढे : 'मागची जाळी वाकलेली'. मी बघतच राहिलो! माझ्या इतक्या उशिरा लक्षात आलं, की यादी त्यालाही हवी होती. उद्या आत्या म्हणाली पोचा तुम्हीच पाडला, तर त्याने काय करायचं?

इन्शुरन्सचं विचारलं तर म्हणाला, "मी कशाचा इन्शुरन्स देतो ओ? मी गाडीवाला. पाहिजे तर कंपनीकडनं तुमच्या नावावर घ्या, यादी मी देतो." माझे अठराशे रुपये आठवले. लक्षात ठेवा, पॉलिसी विमा कंपनीची असते आणि तिच्यावर नंबर असतो. नंबर नसेल तर ते नुसते पैसे असतात, दिलेले.

भाडं पहिल्यापेक्षा अडीच हजारांनी जास्त होतं. त्यात हमाली दोन्हीकडची, मजला, गाडी न बदलण्याची कबुली, सगळं वहीत लिहिलेलं. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नावही. निम्मे पैसे चढवल्यावर, निम्मे उतरवल्यावर. पुण्यात गाडी सकाळी सातला पोचली. त्याच्या पोराने यादी हातात घेऊन एकेक नग वाचत उतरवला. छप्पन्नपैकी पंचावन्न नीट आले. आत्याची तुळशीची कुंडी फुटली. त्याने यादीवर स्वतःच 'कुंडी फुटली' असं लिहिलं आणि सहाशे रुपये कमी घेतले. आत्या म्हणत होती, राहू दे. तो म्हणाला, "नको अक्का, लिहिलंय ते लिहिलंय."

म्हणजे विश्वासू माणूस सापडला का? सापडला असं म्हणायला हरकत नाही. पण तो विश्वासू आहे हे मला फोन करताना माहीत नव्हतं, आणि कुणाच्या शिफारशीने ते कळलंही नसतं. ते कळलं घर बघायला आल्यावर आणि वही उघडल्यावर. मामांच्या ऑफिसातल्या कुणाचा मेहुणाही असाच वहीवाला निघू शकतो. निघाला तर त्याला जरूर घ्या! ओळखीचा आहे म्हणून त्याला वहीतून सूट देऊ नका, एवढंच माझं म्हणणं आहे. उलट आपला माणूस असेल तर आधी लिहा. नातं टिकवायचा तोच मार्ग आहे. मामांशी माझं बोलणं पुढे सुरू झालं, पण मधली आठ महिने नव्हतं. त्या आठ महिन्यांत गणपतीही आले आणि दिवाळीही. एका यादीने ते वाचलं असतं.

आणि एक. ज्याला बाजारात किंमत नाही ते गाडीत चढवूच नका. फोटो, पत्रं, जुन्या वह्या, आलेख कागद. यादी असो, पॉलिसी असो, कायद्याची दहापट भरपाई असो, त्यांचे पैसे कुणी देणार नाही आणि दिले तरी घेऊन करायचं काय? ते एक खोकं स्वतःच्या मांडीवर घेऊन बसा. मी ते केलं नाही. आई अजूनही कधीतरी म्हणते, "एकतीस होती रे, मी मोजली होती." दरवेळी मी सांगतो, हो, एकतीसच होती. पण निदान एका कागदावर कुणाची तरी सही असती, तर तिला हे सारखं सारखं म्हणावं लागलं नसतं.

काल मावसभावाचा पुन्हा फोन आला. गाडी ठरली म्हणाला. कुणाची, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मामांनीच सुचवला असणार, आवाजावरून कळतं! मी एवढंच विचारलं, "यादी झाली का?"

"अरे, पण त्याला काय वाटेल?"

"माझं नाव सांग. म्हणावं, माझा भाऊ फार कटकट्या आहे, तो ऐकत नाही."

"बरं, करतो," म्हणाला. बघू.